अपुरी राहिलेली चित्रपोथी

शेलार गावच्या रंगूबाई प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या. तापाने फणफणलेल्या नातीला, मेघालीला, जादूची शक्ती लाभलेल्या शूर घराण्याचे कॉमिक वाचून दाखवत होत्या. त्या गोष्टीत पणजोबांची शक्ती पिढ्यानपिढ्या उतरत आली. शेवटच्या पानावर धाकटी नात आगीत अडकली आणि पुस्तक संपले. पुढचा भाग नारपोलीच्या दुकानातही मिळाला नाही.

सुरू केलेली पोथी अर्धवट ठेवली तर घराला बाधते, असे रंगूबाई मानत. मेघालीचा ताप उतरेना. अखेर त्यांनी मागचे कोरे पान उघडून वाचले, "आजीने आपली सारी शक्ती नातीला दिली. नात सुखरूप बाहेर आली."

"आजे, इथं काय लिवलंच न्हाय."

"वर्गात मी पहिली हाय. तू गप ऐक."

त्यांनी एका हाताने पुस्तकाला हळदकुंकू वाहिले. दुसरा हात मात्र मेघालीच्या तापल्या कपाळावरून हलवला नाही.