न फुटणारा आकडा

“हात भाईर! ह्यो फुटत न्हाई.”

माझ्या शेजारच्या प्रेसवरून ही आरोळी आली की तुम्ही दचकला असता. आम्हाला सवय होती. रांजणगावच्या एका छोट्या कारखान्यात माझे मामा जाड पत्रा कापणारं मोठं प्रेस चालवायचे. पॅडल दाबलं की ठोका पडायचा आणि काउंटरवरचा आकडा एकाने पुढे सरकायचा. ज्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही असा आकडा यायचा असला, की मामा हात पाठीमागे बांधून तो ठोका रिकामाच मारत.

तीनेक वर्षांपूर्वी याच प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हा काउंटरवर १०४७२९ होता. दवाखान्यात पडल्या पडल्या ते त्याला भागत बसले.

“तीन घातलं, सात घातलं, तेरा घातलं. दोन बोटं खाऊन बी आकडा आख्खाच!” एवढं बोलून ते माझ्याकडे टक लावून बघत. मला त्या बघण्याची भीती वाटायची.

कारेगावच्या खोलीत रोज संध्याकाळी ते पाटीवर पुढचे आकडे मांडून फुटणारे खोडत. उरलेले सकाळी पेनने डाव्या तळहातावर लिहीत. मोटरसायकलचा नंबर ७९१९ निघाला, तर ती इतकी हळू चालवत की सायकलवाली पोरंही पुढे जात. मामी वैतागत, “ह्यांच्यासंगं लग्नाला गेलो, तवा पंगत उठलेली!”

आम्ही खूप हसायचो. पण त्यांच्या धाकाने आमचेही हात सांभाळून असत, हे खरं.

एके दिवशी मामा चक्क गुणगुणत आले. तळहातावर दोनच आकडे होते. “आकडा मोठा व्हईल तसं हे इरळ होत्यात, गड्या. ३७०२६१ गेला, की मग डायरेक्ट ३७०३७३. मधी शंभरावर आकडे, समदे फुटणारे. आज आराम!”

त्यांना इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी कापलेला तुकडा आत अडकला. एरवी मामा आधी मोटर बंद करत. त्या दिवशी त्यांनी तसाच उजवा हात आत घातला आणि पाय पॅडलवर राहिला. किंकाळी ऐकून मी धावलो. काउंटरवर ३७०३०० होता. शाळेतलं पोरही सांगेल, शंभराने जातो.

शिरूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो. उजवा हात मनगटापासून नव्हता. त्यांनी मला डावा तळहात दाखवला. ३७०३७३ ची शाई पुसट झाली होती.

“ह्यो तर अजून आलाच न्हवता रं,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो.

ते कामावर परत आले नाहीत. अपघाताची तपासणी उरकल्यावर त्यांचं प्रेस मला दिलं. ३७०३७३ च्या ठोक्याला मी हात पाठीमागे बांधले. ठोका पडला. काही झालं नाही.

पुढचा ३७०३७४. दोनाने सहज फुटणारा. मी पत्रा सरकवला, आणि पॅडलवर पाय ठेवायचा धीरच होईना.