बोटावरचे अठ्ठ्याण्णव

वडगाव रासाईच्या ज्ञानदेवाला दुपारचे चार म्हंजी काळ. दरसाल थंडीत दोन महिने, रोज चारच्या ठोक्याला, उजव्या डोळ्यामागं कुणी तापली पहार खुपसावी तसं दुखायचं. डोळा गळायचा, नाक वाहायचं. शेवंतीच्या मळ्यात दिवसभर राबणारा दणकट गडी भिंतीवर डोकं आपटायचा. त्यापायी तीन दाढा उपटून झाल्या, भगताचा अंगारा झाला. गुण न्हाई.

गेल्या साली दौंडच्या दवाखान्यात एका पोरसवदा डाक्टरनं तोंडाला मास्क लावून ऑक्सिजन जोरात सोडला. पंधरा मिनिटांत पहार निघाली. तवा ज्ञानदेव ढसाढसा रडला.

यंदा दुखणं पुन्हा उपटलं, तसा तो 'दौंडला ने' म्हणून बायकोच्या मागं लागला. बायको सोजरबाई, गावची आशाताई. कोरोनात तिनं दारोदार जाऊन माणसांच्या बोटांना ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. आकडा बरा दिसला की माणूस बरा. देवापरीस तिचा त्या चिमट्यावर भरवसा.

"अवो, अठ्ठ्याण्णव हाय तुमचा. भरल्या हंड्यात अजून किती वतायचं?"

"बोट न्हाई दुखत माझं, डोकं दुखतंय!"

शेवटी तिनं त्याला स्कुटीवर मागं घेतलं. दौंडात पोचस्तोवर चार वाजून गेलेले. तो डाक्टर बदलून गेलेला. नर्सनं चिमटा लावला.

"अठ्ठ्याण्णव! ऑक्सिजन कशाला हवा, मामा?"

ज्ञानदेवानं हात जोडले. "ताई, ऑक्सिजनचा बाटला हितंच हाय की. पंधरा मिंटं फकस्त."

नर्सनं सोजरकडं बघितलं.

"मी बी त्येच सांगत व्हते," सोजर म्हणाली.

झालं. एक गोळी देऊन त्याला बाकड्यावर बसवलं. तो भिंतीवर डोकं आपटाया लागला, तशी शेजारची माणसं पिलेला समजून उठून गेली. पावणेसहाला कळ आपसूक उतरली, रोज उतरायची तशी.

"बघा, बसल्याजागी थांबलं," नर्स हसली. सोजर बी हसली.

परतताना भीमेच्या पुलावर ज्ञानदेवानं गाडी थांबवाया लावली.

"उद्या साडेतीनलाच मला खोलीत घाल, आन् भाईरनं कडी लाव."

"का वो?"

"मळ्यातली आपली हीर लांब न्हाई. कळ उठली की पाय तिकडंच वळत्यात."

सोजरला गाडी चालू करायची सुधरंना.