दोन औषधवह्या

हात्सुए कुवाबारा रागीट आहेत, हे बंदराकाठच्या त्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं बाई औषधांच्या दुकानात उभ्या होत्या आणि एकतीस वर्षं एकाच गोष्टीवरून डाफरत होत्या: औषधवही आणलीत का? कुठल्याही डॉक्टरानं काहीही दिलं, की त्याची चिठ्ठी त्या वहीत डकवायची. ती लपवणारा माणूस बाईंच्या लेखी महामूर्ख. आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी नोरिए परवा कंबरदुखीच्या जबर गोळ्या न्यायला आली, तेव्हाही बाईंनी वही उलटसुलट करून तपासली. वर्षभरात एक सर्दीचं औषध, बस्स. त्यांनी गोळ्या दिल्या.

आज सकाळी सासू नोरिएला दंडाला धरूनच दुकानात घेऊन आली. पोरगी घामानं निथळत होती, हात लटलटत होते, पाय राहून राहून आपोआप उडत होते.

"आणखी काय घेतेस गं?"

"काही नाही."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस!"

नोरिएनं सासूकडे पाहिलं आणि पिशवीच्या तळातून दुसरी वही काढली. आगगाडीनं तासभर लांब असलेल्या शहरातल्या मनाच्या डॉक्टरांची. सहा आठवडे उदासीवरच्या गोळ्या चालू.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं. उदासीवरची गोळी ते वाढवते आणि कंबरेचीही तेच वाढवते. दोन्ही एकत्र झाल्या की अतिरेक होतो, जिवावरही बेततं. एकाच वहीत असतं तर त्यांनी परवाच अडवलं असतं! त्यांनी आधी रुग्णवाहिका बोलावली.

"त्या वेडाच्या गोळ्या समुद्रात फेका आधी," सासू म्हणाली.

"काकू, गप्प बसा! लागू पडायलाच महिनाभर लागतो त्यांना. सुरुवातीला नुसती मळमळ होते आणि लोक तिथेच सोडून देतात. हिनं नेटानं घेतल्या."

"आत्ता कुठे बरं वाटायला लागलं होतं," नोरिए पुटपुटली.

"ऐकलंत? मनानंच एकदम बंद केल्या तर गरगरतं, झोप उडते, उदासी परत येते. आज काय द्यायचं नि काय थांबवायचं ते हॉस्पिटलातले डॉक्टर ठरवतील. दोन्ही पाकिटं, दोन्ही वह्या त्यांच्या हातात द्या."

मग त्या नोरिएकडे वळल्या. "आणि तू! दोन वह्या? एवढी कुणाला भ्यायलीस, सासूला?"

"तुम्हाला."

"मला?"

"आठ वर्षांपूर्वी मी रांगेत होते. पुढे बालवाडीच्या बाई होत्या. तुम्ही इथूनच ओरडलात, 'उदासीची गोळी आहे, सकाळी घ्यायची, विसरू नका!' संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. बाई गाव सोडून गेल्या." नोरिएचे दात वाजत होते. "माझीही नोकरी पोरांमधलीच आहे."

सासूनं मान खाली घातली. बाहेर रुग्णवाहिका थांबली, नोरिएला स्ट्रेचरवर घेतलं, दोन्ही वह्या तिच्या उशाशी ठेवल्या.

हात्सुएबाई दारात उभ्या राहिल्या. त्या बालवाडीच्या बाईंचा चेहरा काही केल्या त्यांना आठवेना. तसं ओरडून त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं.