चांगुणाबाईंचं पंचविसावं घर

सुपातली तूर निम्मी निवडून झाली आणि चांगुणाबाईंनी सूप बाजूला सारलं. त्यातलेच मोजून चोवीस दाणे मुठीत घेतले, अंगणात बसल्या. श्रावणी सोमवारी रांगोळीचा षटकोन काढायचा, सगळे कोपरे एकमेकांना रेघांनी जोडायचे आणि आत होईल त्या प्रत्येक घरात एक दाणा ठेवायचा, हा सासूबाईंपासूनचा नेम. एकही घर रिकामं राहू द्यायचं नाही.

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. निलंग्यात येणाऱ्या टँकरवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं होतं. पाणी काही वाढलं नव्हतं. त्यात टँकर यायचा नेमका पूजेच्या वेळी. रांगेपायी बाईंचे दोन सोमवार महादेवाच्या दर्शनावाचून गेले होते. तिसरा त्यांना चुकवायचा नव्हता.

रेघा ओढून झाल्या तोवर शेजारचे सिद्रामप्पा गुरुजी कुडावरून डोकावले. गणिताचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेले.

"काय मोजून राहिल्यात, बाई? षटकोनात चोवीसच घरं. जन्मभर शिकवलंय मी."

"अन् पंचवीस निघाली तर?"

"तर श्रावणभर तुमच्या घागरी घेऊन रांगेत मी उभा राहतो. चोवीस निघाली तर तुमचा पहिला नंबर आमच्या सिंधूला."

"हाव, ठरलं."

गुरुजी अंगणात येऊन उकिडवे बसले. बाईंच्या मुठीतले दाणे घेऊन एकेका घरात ठेवत गेले. चोवीस संपले. मधोमध एक इवलंसं तिकोनी घर रिकामंच. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

"बाई, हा कोपरा चार बोटं सरकलाय!"

"तिथं उखळ हाय की. मागच्या सोमवारीबी त्याला चुकवूनच काढला, तवाच हे घर घावलं."

"म्हणून तर तिन्ही लांब रेघा मधे एका जागी भेटल्या न्हाईत! सगळ्या बाजू, सगळे कोन सारखे पायजेत..."

"हे पैज लावताना कुठं बोललात, गुरुजी?"

कुडापलीकडं गुरुजींच्या बायको सिंधूताई खळखळून हसल्या. "अहो, चुंबळ देऊ का डोक्यावर?"

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. गुरुजींनी बाईंच्या दोन्ही घागरी उचलल्या आणि पुटपुटत चालू लागले.

चांगुणाबाईंनी सुपातला आणखी एक दाणा आणून मधल्या घरात ठेवला, हात जोडले, आणि बेल घेऊन महादेवाच्या देवळाकडं निघाल्या.