सईचं निदान पाच मिनिटांत

ग्रुपमधल्या आईबाबांनो, आज सकाळचंच सांगते.

माझी आठ वर्षांची सई गेल्या महिन्यात घसादुखी आणि तापातून उठली आणि अचानक डोळे मिचकावू लागली. हात तर सोलवटेपर्यंत धुते. रत्नागिरीतले आमचे डॉक्टर म्हणाले, "त्या तापाशी संबंध असेल, नसेलही. तपासून ठरवू."

मला धीर नव्हता. इथे सगळे ज्यांचं नाव घेतात, त्या तज्ज्ञांना फोन लावला. पाच मिनिटांत उत्तर आलं: मेंदूला सूज आहे, शरीर स्वतःवरच उलटलंय, औषधं आमच्याकडूनच घ्या. आधी घसा दुखला होता का, हे विचारलंच नाही.

तिथेच मला शंका आली. मुंबईला असलेल्या नवऱ्याला म्हटलं, "तू पण लाव फोन. पुतण्याचं सांग, अभ्यासाला बसत नाही म्हणून." पुतण्या ठणठणीत आहे. त्याच्याही मेंदूला सूज निघाली. औषधंही तीच.

सासूबाई महिनाभर म्हणतायत, मंडणगडला गावच्या देवाला कौल लावूया, मूर्तीवर पाकळ्या चिकटवून विचारूया. मी हसण्यावारी नेत होते. पण तो देव तरी कधी डावी पाकळी पाडून 'नाही' म्हणतो.

या माणसाने तुमच्यापैकी कुणाला एकदा तरी 'नाही' म्हटलंय का?