संदेशचा जुना सायलेन्सर

गॅरेजवर बसणाऱ्यांकडे किस्से आपोआप साचतात. गाडी खोललेली असते, पार्ट यायचा असतो, चहा पिऊन झालेला असतो. मग माणूस बोलत बसतो. काशीगावात हरिभाऊ मेकॅनिकच्या गॅरेजवर आमचे रविवार असेच गेले. मीरा रोडला तेव्हा नवे टॉवर उठत होते आणि आम्हाला बाईकपलीकडे काही दिसत नव्हतं. संदेशच्या सायलेन्सरचे किस्से त्यातलेच. सुरुवातीला आम्ही ते हसत सांगायचो.

*

संदेश माझा मित्र, बेव्हर्ली पार्कला राहायचा. हरिभाऊ त्याची गाडी न बघता ओळखायचे. हायवेवरून वळली की म्हणायचे, "आला संदेश. तो गिअर टाकत नाही, लाथ मारतो."

*

त्याला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवा होता. हरिभाऊंनी बजावलं, "आतली जाळी काढलेला घेऊ नकोस. आवाज वाढतो, पण खालच्या गिअरला गाडीची ओढ जाते."

संदेशने भंगारवाल्याकडून एक वापरलेला आणला. जाळी शाबूत, एका बाजूला खोल पोचा. बसवून किक मारली तर आवाज मोठा नव्हताच. जड होता, छातीतून आल्यासारखा.

हरिभाऊ नट आवळता आवळता म्हणाले, "नवीन पार्ट बसायला त्रास देतो. हा तर वाटच बघत होता."

*

पुढच्या रविवारी गाडी वळल्याचा आवाज आला आणि हरिभाऊंनी मान वर केली. "हे कोण?"

संदेशच होता.

"थर्डवरून सेकंड टाकताना मध्येच हलकी रेस दिलीस," हरिभाऊ म्हणाले. "इंजिनाचा वेग चाकाशी जुळवलास, म्हणून झटका बसला नाही. कुणी शिकवलं?"

संदेश माझ्याकडे बघायला लागला. "कसली रेस?"

*

एकदा भर दुपारी घोडबंदरच्या उतारावर मी त्याच्या मागे बसलो होतो. पुढचा टँकर अचानक थांबला. संदेश लाकडासारखा ताठ झाला, मला ते त्याच्या पाठीत जाणवलं. तेवढ्यात गाडीने रेस घेतली, गिअर उतरला, पुन्हा रेस, पुन्हा गिअर. टँकरच्या मागे हातभर अंतरावर आम्ही अलगद थांबलो.

"वाचवलंस रे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी काही केलंच नाही. मी डोळे मिटले होते."

*

आम्ही तसेच गॅरेजवर आलो. गाडी चालूच होती, तेव्हा रस्त्यावरून मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी आत आली. घोडबंदरची होती. पाटी खाली ठेवून सायलेन्सरकडे बघत राहिली.

"ह्यो आवाज माज्या दिनूच्या गारीचा हाय," ती म्हणाली.

हरिभाऊंनी इंजिन बंद केलं. "आजी, दिनू कुठे असतो?"

"माजा पोर घोरबंदरच्या उतारावर गेला. गारी भंगारात दिली आमी." तिने पोच्यावर हात ठेवला. सायलेन्सर चांगलाच तापलेला होता, पण तिने हात काढला नाही. "उतारावर दोनदा रेस द्यायचा. मना घरात आयकू यायचं. मंग मी भात वाढायला घ्यायची."

संदेशने काहीही न विचारता हरिभाऊंना पाना दिला. सायलेन्सर उतरवून, गोणपाटात गुंडाळून, आम्ही तिच्या पाटीत ठेवला. संदेशच्या गाडीचा आधीचा सायलेन्सर परत चढला. पुढच्या वळणावर त्याने गिअरला लाथ मारली, तेव्हा हरिभाऊ पहिल्यांदाच खूश झालेले मी पाहिले.

*

महिन्याभराने आम्ही तिघं तिला भेटायला घोडबंदरला गेलो. सकाळची वेळ होती. घर खाडीच्या बाजूला, ओटीवर सावली. तिने सायलेन्सर ओटीवरच एका पाटावर ठेवला होता, पुसून लख्ख केलेला. आत ती भात वाढत होती.

बसायला जागा करावी म्हणून हरिभाऊंनी तो उचलायला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांची बोटं लाल झाली होती.

आजी दारात आली, हातात ताट.

"सांभालून," ती म्हणाली. "आत्ताच आलाय."