रानातला मास्तर

"आधी वास, मग नाव," असं म्हणत त्या कुठलंही पान बोटांत चुरडून समोरच्याच्या नाकाखाली धरायच्या. पुदिना असो, मरवा असो, नाहीतर कुणाच्या कुंपणावरची मेंदी. माणूस मागे सरकला, तर त्या तेवढ्याच पुढे सरकायच्या.

सौदीतल्या धाहरानजवळच्या एका इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, आम्ही वरच्या. मूळच्या दापोलीकडच्या. तेल कंपनीतल्या नवऱ्याबरोबर इथे येण्याआधी बरीच वर्षं जर्मनीत काढलेली. मी इथल्या भारतीय शाळेत शिकवतो. माझी बायको सुधा त्यांना भाभी म्हणायची, म्हणून मीही; त्या तिला ताई म्हणायच्या. सुधाला जाऊन आता वर्ष होत आलं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल तक्रार करायला जागाच नसते, आणि तरी त्याचं नाव निघालं की आपला घास अडतो. माझ्या बाबतीत त्या भाभी होत्या. मी शाळेतून यायचो तेव्हा सुधा खाली असायची. जिन्यात हसणं ऐकू यायचं. दार वाजवलं की ते थांबायचं.

"या ना सर," भाभी म्हणायच्या. "तुमच्याबद्दल काही बोलत नव्हतो."

वर आल्यावर मी सुधाला विचारायचो, "काय एवढं हसत होतात?"

"काही नाही. बायकांचं."

माझ्यापाशी ती हसत नसे असं नाही. पण तसं नसे हसत.

भाभींचं लाडकं झाड म्हणजे जर्मनीच्या रानातलं एक वीतभर रोप. मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत वाढणारं. देठाभोवती छत्रीच्या काड्यांसारखी पानं, वर चार पाकळ्यांची चिमुकली पांढरी फुलं. इंग्रज त्याला वुडरफ म्हणतात. पूर्वी ते गादीत भरत, म्हणून अंथरुणाचं गवत असंही त्याचं एक नाव. कपाटात जुडी टांगली की कपड्यांना कसर लागत नाही. मुलांसाठी त्याचं हिरवं सरबत करतात. "आणि मे महिन्यात आणखी कशात घालतात, ते सौदीत बोलायचं नाही," असं म्हणून भाभी कानाच्या पाळ्या धरायच्या.

जर्मन नाव वाल्डमायस्टर. "वाल्ड म्हणजे रान, आणि मायस्टर म्हणजे, उस्ताद म्हणा," भाभींनी सांगितलं.

"छे, उस्ताद कसला? मास्तर!" सुधा म्हणाली. "रानातला मास्तर." दोघी माझ्याकडे बघून हसल्या. तेवढं एक हसणं माझ्यासमोर झालं.

भाभींनी जर्मनीतल्या मुलीकडून बी मागवलं. थंडी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, म्हणून हिवाळाभर फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवलं. रोप आलं. त्याला एसीखालची खुर्ची मिळाली आणि भाभींच्या यजमानांना स्टूल. मग एका उन्हाळ्यात एसी बिघडला नि रोप गेलं. सुधा सांत्वनाला खाली गेली. थोड्याच वेळात हसणं! मेलेल्या झाडाशेजारी बसून दोघी हसत होत्या. मी जिन्यात थांबलो आणि दार न वाजवता वर आलो.

सुधा गेल्यावर काही महिन्यांनी भाभींनीच विषय काढला.

"सर, ते रोप ओलं असताना त्याला फारसा वास नसतो. सुकायला लागलं की येतो, नि मग जाता जात नाही. त्या दिवशी सगळं घर घमघमलं. ताई म्हणाली, 'आमचे हे अस्सेच. समोर असले की काही कळत नाही. मी माहेरी गेले की तिथे यांचाच दरवळ.' मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. आनंद झाला का, असं तुम्ही विचाराल. झाला असावा. पण आधी जळफळाट झाला. माझ्याविषयीचं इतकं गोड बोलणं, आणि ते ऐकायला समोर दुसरंच कुणी. मला नुसते शब्द मिळाले. तो आवाज, ते मान वळवणं भाभींकडे राहिलं.

"कशी म्हणाली? हसत?" मी विचारलं.

"आधी हसत," भाभी म्हणाल्या. "मग नाही."

गेल्या महिन्यात भाभींचे यजमान निवृत्त झाले आणि दोघांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जाण्याचा, शिक्का लागला. निरोपाला इमारतीतल्या सगळ्या बायका खाली उतरल्या होत्या. गाडीत चढता चढता भाभींनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला, "ताई, निघाले गं मी!" बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. "सगी बहन जैसी थी," समोरची केरळची शेजारीण सगळ्यांना सांगत होती. सुधा गेल्यापासून मला एकदाही असं रडता आलेलं नाही. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. भाभींची हँडबॅग हातात धरून मी बाजूला उभा होतो.